नक्कल आणि मूळ : जुन्या रोबोच्या कंट्रोलरविषयी भाच्यास पत्र



पत्रास कारण की, चाकणच्या कारखान्यात वेल्डिंग विभागाच्या देखभालीचे काम हाती आल्यापासून तेथील जुन्या रोबोंचा बॅकअप घेताना चिरंजीवास वारंवार अडथळे येतात, कधी कार्ड ओळखले जात नाही तर कधी काम अर्ध्यावरच थांबते, आणि अशा वेळी दोष शोधण्यास नेमकी कोठून सुरुवात करावी, असे त्याने विचारले आहे. या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. बॅकअप होत नाही त्या क्षणी यंत्रातील माहिती ही तिची एकुलती एक प्रत असते. म्हणून दोष शोधण्याचा क्रम ‘दोष कोठे असण्याचा संभव जास्त’ एवढ्यावरून न ठरवता ‘कोणत्या कृतीने त्या एकुलत्या प्रतीला धक्का लागणार नाही’ यावरून ठरवावा. बाहेरची, म्हणजे कार्डाची आणि केबलची बाजू आधी तपासावी. कंट्रोलरच्या आतल्या भागाला हात सर्वांत शेवटी लावावा. हे तत्त्व ऐकताना सोपे वाटते, पण लाइन थांबलेली असताना आणि सुपरवायझर मागे उभा असताना ते पाळणे अवघड जाते, आणि ते पाळण्याचे बळ यंत्राच्या आत काय कोठे साठवलेले असते हे माहीत असल्याखेरीज येत नाही.

हे विवेचन फॅनक या जपानी कंपनीच्या आर-जे-थ्री-आय-बी या कंट्रोलरला धरून केले आहे. १९७२ मध्ये फुजित्सूपासून वेगळ्या झालेल्या आणि फुजी पर्वताच्या परिसरातील ओशिनो या गावी मुख्यालय असलेल्या या कंपनीच्या पिवळ्या भुजा वाहनउद्योगात सर्वत्र दिसतात, आणि २००० नंतरच्या दशकात बसवलेल्या भुजांसोबत बहुधा हाच कंट्रोलर आलेला असतो. त्याच्या मुख्य बोर्डावर माहिती साठवण्याच्या दोन जागा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली एफरॉम, म्हणजे वीज नसतानाही आपला मजकूर जपणारी मेमरी, जिच्यात कंट्रोलरचे मूळ सॉफ्टवेअर असते. दुसरी एसरॅम, म्हणजे विजेच्या आधारानेच लक्षात ठेवणारी मेमरी, जिला कंट्रोलर बंद असताना तीन व्होल्टची एक छोटी लिथियम बॅटरी जगवते. वेल्डिंगचे प्रोग्रॅम, रजिस्टरांतील आकडे, टूलच्या टोकाचे मोजमाप, इनपुट-आउटपुटची जुळणी, म्हणजे ज्याला कारखान्याने वर्षानुवर्षे कमावलेले ज्ञान म्हणता येईल ते बहुतेक सगळे या दुसऱ्या, बॅटरीवर जगणाऱ्या जागेत असते. मूळ सॉफ्टवेअर पुन्हा मिळवता येते. हे ज्ञान मात्र कंपनीकडेही नसते.

याच एसरॅममध्ये मास्टरिंगचे आकडेही असतात. प्रत्येक सांध्याच्या मोटरमागे पल्सकोडर नावाचा मोजक बसवलेला असतो, जो मोटर किती फिरली याची अखंड गणना ठेवतो; त्या गणनेतला कोणता आकडा म्हणजे सांध्याचे शून्य, हे कंट्रोलरला सांगणारी नोंद म्हणजे मास्टरिंग. या शब्दाला ‘शून्यनिश्चिती’ असा प्रतिशब्द सुचतो, परंतु शॉपफ्लोअरवर तो कोणी उच्चारणार नाही, म्हणून रूढ शब्दच ठेवलेला बरा. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की मास्टरिंगचा एक अर्धा भाग कंट्रोलरमध्ये आणि दुसरा अर्धा भाग भुजेतील पल्सकोडरमध्ये राहतो, आणि त्या दुसऱ्या भागाला जगवणाऱ्या बॅटऱ्या वेगळ्या, बहुतेक मोठ्या भुजांत पायथ्याच्या कप्प्यात बसवलेल्या दीड व्होल्टच्या जाड सेलच्या स्वरूपात असतात.

या दोन बॅटऱ्यांची गल्लत हे नवख्या तंत्रज्ञाच्या हातून घडणाऱ्या नुकसानाचे मोठे कारण आहे, कारण दोन्ही बदलण्याच्या रीती एकमेकींच्या उलट आहेत. भुजेतील सेल बदलताना कंट्रोलर चालू ठेवावा लागतो, फक्त आणीबाणीचे लाल बटण दाबून ठेवायचे असते. वीज बंद करून सेल काढले तर पल्सकोडरची गणना पुसली जाते आणि मास्टरिंग नव्याने करावे लागते. बोर्डावरची लिथियम बॅटरी बदलताना मात्र कंट्रोलर साधारण ३० सेकंद चालू ठेवून मग बंद करायचा आणि ३० मिनिटांच्या आत नवी बॅटरी बसवायची, असे कंपनीच्या पुस्तिकेत सांगितले आहे. तेवढा वेळ बोर्डावरील साठवलेला विद्युतभार मेमरीला सांभाळतो. पहिली दरवर्षी आणि दुसरी चार वर्षांनी बदलावी, हाही पुस्तिकेचाच दंडक आहे. पेंडंटवर, म्हणजे रोबोला शिकवण्यासाठी हातात धरावयाच्या फलकावर, ‘सिस्ट-०३५’ हा इशारा दिसला तर तो कंट्रोलरच्या बॅटरीविषयीचा, आणि ‘एसआरव्हीओ-०६५’ दिसला तर भुजेतील सेलविषयीचा समजावा.

म्हणून बॅकअप अडल्याची तक्रार येताच चिरंजीवाने पहिली गोष्ट कोणती करावी, तर कंट्रोलर बंद करू नये. ‘एकदा बंद करून चालू करून बघ’ हा घरातल्या टीव्हीपासून कार्यालयातल्या संगणकापर्यंत सर्वत्र दिला जाणारा सल्ला येथे घातक ठरू शकतो, कारण बॅटरी संपलेल्या कंट्रोलरमधील एसरॅम केवळ चालू विजेवर तगलेली असते. आधी इशाऱ्यांची यादी उघडून बॅटरीचा उल्लेख आहे का ते पाहावे. असेल तर मुख्य वीजपुरवठ्याच्या पेटीवर ‘बंद करू नये’ अशी पाटी लावून पुढच्या शिफ्टलाही तोंडी सांगावे, आणि मगच पुढे जावे.

यानंतर कार्ड. या कंट्रोलरच्या मुख्य बोर्डावर पीसीएमसीआयए प्रकारची खाच असते, जिच्यात आजकाल कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड अडॅप्टरमध्ये घालून वापरतात. ‘कार्ड वाचले जात नाही’ या तक्रारींचा मोठा वाटा खाचेच्या नव्हे, कार्डाच्या मांडणीच्या दोषाचा असतो. त्या काळचे यंत्र फॅट-१६ या जुन्या मांडणीवर विश्वासाने चालते, जिची मर्यादा व्यवहारात २ जीबीची आहे. बाजारात आज मिळणारे मोठे कार्ड संगणकावर दुसऱ्याच पद्धतीने फॉरमॅट झालेले असते, आणि मग कार्ड निर्दोष, खाच निर्दोष, पण दोघांची भाषा एक नाही अशी अवस्था होते. २ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड मिळवावे, ते शक्यतो कंट्रोलरच्याच फाइल मेनूतून फॉरमॅट करावे, आणि दुसऱ्या एखाद्या चालू रोबोत घालून ते वाचले जाते याची खात्री करावी. फॉरमॅटची आज्ञा देताना पडद्यावर कोणत्या उपकरणाचे नाव आहे ते मोठ्याने वाचावे. हा सल्ला पोरकट वाटेल, परंतु मोठ्याने वाचल्याने बोट थांबते. अडॅप्टर घालण्यापूर्वी विजेरीने खाचेत पाहावे, कारण आत ६८ बारीक पिना असतात आणि तिरके घुसवलेले कार्ड त्यांतली एखादी वाकवते. कार्डाचा दोष थोडक्या खर्चात सुटतो, पण वाकलेली पिन मुख्य बोर्डाला हात लावायला भाग पाडते, आणि तोच बोर्ड तर एकुलत्या प्रतीचे घर आहे. अडॅप्टर कायम खाचेतच ठेवून फक्त आतील छोटे कार्ड काढावे, अशी सवय लावल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो.

कार्ड ठीक असूनही बॅकअप न होण्याचे एक अगदी साधे कारण पुष्कळदा नजरेतून सुटते. कंट्रोलर फाइल कोठे लिहिणार हे फाइल मेनूत निवडलेल्या उपकरणावर अवलंबून असते. एमसी म्हणजे कार्ड, एफएलपीवाय म्हणजे केबलने जोडलेले फ्लॉपी-यंत्र किंवा त्याचे सोंग घेतलेला संगणक, एफआर म्हणजे बोर्डावरील एफरॉमचाच एक भाग. पूर्वी कोणीतरी फ्लॉपी निवडून गेलेला असतो, आणि नंतर आलेला माणूस कार्डावर कार्ड बदलत राहतो. याहून वाईट प्रकार असा की निवड एफरॉमची असते, बॅकअप विनातक्रार पूर्ण होतो, आणि सगळे निश्चिंत होतात. काही कंट्रोलरमध्ये आपोआप होणारा बॅकअपही एफरॉममध्येच ठेवण्याची सोय असते. तिचा उपयोग जरूर आहे, पण ज्या पेटीतला ऐवज जपायचा त्याच पेटीत नक्कल ठेवली तर पेटी जळाल्यावर दोन्ही जातात, तेव्हा तिला दुसरी प्रत मानू नये.

‘वरील सर्व’ हा पर्याय निवडून बॅकअपची आज्ञा दिली की कंट्रोलर एक प्रश्न विचारतो : बॅकअपपूर्वी कार्डावरील फाइल पुसून टाकायच्या का? हा प्रश्न नीट न वाचता होकार देण्याची चूक फार महागात पडते, कारण एकाच कार्डावर ओळीने पाच रोबोंचे बॅकअप घेत जाणारा माणूस प्रत्येक होकाराने मागच्या रोबोचा बॅकअप पुसत जातो आणि शेवटी त्याच्या हाती फक्त पाचव्याचा उरतो. नकार दिला तरी धोका टळत नाही, कारण सर्व रोबोंच्या फाइलींची नावे सारखीच असतात आणि एकीवर दुसरी लिहिली जाते. प्रत्येक रोबोला स्वतंत्र कार्ड, किंवा प्रत्येक बॅकअपनंतर कार्ड संगणकावर उतरवून रिकामे करणे, याखेरीज तिसरा सुरक्षित मार्ग नाही.

अर्ध्यावर थांबणाऱ्या बॅकअपच्या बाबतीत घाई न करता तो नेमका कोणत्या फाइलीशी थांबतो ते लिहून घ्यावे. फाइलींचे प्रकार त्यांच्या शेपटावरून ओळखू येतात : टीपी म्हणजे पेंडंटवर लिहिलेले प्रोग्रॅम, एसव्ही म्हणजे यंत्राच्या मूलभूत मांडणीचे आकडे, व्हीआर म्हणजे रजिस्टर व तत्सम चल, आयओ म्हणजे इनपुट-आउटपुटची जुळणी. दहा वेळा एकाच प्रोग्रॅमशी थांबत असेल तर दोष कार्डाचा नसून त्या एका फाइलीचा असण्याचा संभव वाढतो, आणि मग ती वगळून बाकीच्या फाइली एकेक करून साठवून घ्याव्या. एका खराब पानासाठी सारी वही सोडून द्यायची नसते. त्या अडलेल्या प्रोग्रॅमचा मजकूर पेंडंटवर दिसत असेल तर पानापानाचे फोटो काढावे, बिंदूंच्या स्थानांचे आकडेही त्यात यावेत, म्हणजे वेळ आल्यास तो हाताने पुन्हा लिहिता येईल. एलएस नावाची वाचनीय मजकुराची प्रतही काढता येते, आणि ती संगणकावर कोणालाही वाचता येत असल्याने फार उपयोगाची आहे. मात्र ती परत यंत्रात चढवण्यासाठी कंट्रोलरमध्ये त्याची वेगळी सुविधा विकत घेतलेली असावी लागते, म्हणून एलएस आहे तेव्हा टीपी नको असे समजू नये.

खाचच निकामी असल्याची खात्री झाली, तरी वाट संपत नाही. कंट्रोलर नेटवर्कला जोडता येत असेल तर एफटीपी या फाइली वाहून नेण्याच्या पद्धतीने त्या संगणकावर आणता येतात. पण या पद्धतीत मजकूर नेण्याची एक रीत आणि जशीच्या तशी नक्कल नेण्याची दुसरी, म्हणजे बायनरी, रीत असते. पहिल्या रीतीत वाटेत ओळ संपल्याच्या खुणा बदलल्या जातात, त्यामुळे टीपी आणि एसव्ही फाइली आकाराने जवळजवळ तेवढ्याच दिसूनही आतून बिघडलेल्या असतात, आणि हा बिघाड परत चढवण्याच्या दिवशी उघडा पडतो. बायनरी निवडल्याची खात्री करूनच सुरुवात करावी. नेटवर्क नसेल तर सीरियल केबल आहे. तीत दोन्ही बाजूंचा वेग, पॅरिटी आणि स्टॉप-बिट जुळले पाहिजेत, एवढे पथ्य पुरे. ती मंद आहे, पण ती वापरण्यासाठी कंट्रोलर बंद करावा लागत नाही आणि बोर्डाला स्पर्शही होत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

आतापर्यंत सांगितलेला बॅकअप फाइलींचा. दुसरा प्रकार इमेज बॅकअपचा, म्हणजे एफरॉम व एसरॅम यांची जशीच्या तशी छबी, जी कार्डावर क्रमांक असलेल्या अनेक तुकड्यांत उतरते. मुख्य बोर्ड बदलण्याची वेळ आली तर हीच छबी तारून नेते, कारण तीत मूळ सॉफ्टवेअरही असते. परंतु या कंट्रोलरवर ती घेण्यासाठी वीज बंद करून पेंडंटवरील एफ-१ आणि एफ-५ दाबून ठेवून बूट मॉनिटर, म्हणजे सॉफ्टवेअर सुरू होण्यापूर्वीचा प्राथमिक मेनू, उघडावा लागतो, आणि म्हणूनच फाइलींचा बॅकअप हाती आल्याखेरीज व बॅटरीची खात्री झाल्याखेरीज या वाटेला जाऊ नये. या मेनूची रचना काळजी वाढवणारी आहे. ‘इनिट स्टार्ट’ ही मेमरी पुसून यंत्र कोरे करणारी आज्ञा ‘कंट्रोलर बॅकअप/रिस्टोअर’ या ओळीच्या अगदी शेजारी असते, आणि त्या ओळीच्या आत गेल्यावर छबी घेण्याची आज्ञा व छबी परत चढवण्याची आज्ञा पुन्हा एकमेकींना लागून असतात; कार्डावर जुनी छबी असताना चुकीचा आकडा दाबला तर जुने नव्यावर लिहिले जाते. अशा कामाला रिकामे कार्ड घ्यावे, म्हणजे चूक झाली तरी चढवायला काही नसेल. काम झाल्यावर तुकड्यांचे क्रमांक सलग आहेत का ते पाहावे, कारण मधला एक क्रमांक गळालेली छबी निरुपयोगी असते.

हाती आलेला बॅकअप खरा आहे हे कसे ओळखावे? पोथ्या हाताने उतरवून घेण्याच्या काळात नक्कल मुळाशी ताडून शुद्ध करणे हा लेखनाचाच भाग मानत, आणि न ताडलेल्या प्रतीवर विद्वान विसंबत नसत. येथेही तोच न्याय लावावा. संगणकावर शून्य आकाराच्या फाइली नाहीत ना, पेंडंटवरील प्रोग्रॅमची संख्या आणि फाइलींची संख्या जुळते का, एलएस फाइल उघडून आत ओळखीच्या ओळी आहेत का, हे पाहणे पाच मिनिटांचे काम आहे. पण चढवण्याची कसोटी त्याहून मोलाची. त्यासाठी दोन-तीन ओळींचा, भुजा न हलवणारा एक चाचणीचा प्रोग्रॅम लिहावा, बॅकअपमध्ये घ्यावा, यंत्रातून पुसावा आणि कार्डावरून परत चढवून ओळ न् ओळ तपासावा. एवढ्याने कार्ड, खाच, मांडणी आणि चढवण्याची कृती या सर्वांची परीक्षा होते आणि मूळ प्रतीला धक्का लागत नाही. यंत्राच्या मूलभूत मांडणीच्या एसव्ही फाइली मात्र कंट्रोल्ड स्टार्ट नावाच्या वेगळ्या अवस्थेतच चढवता येतात, आणि त्या केवळ चाचणीसाठी चालत्या यंत्रात कधीही चढवू नयेत.

त्याचे कारण असे की मास्टरिंगचे आकडे त्या फाइलींबरोबर प्रवास करतात. शेजारशेजारी उभे असलेले, एकाच मॉडेलचे दोन रोबो माणसाच्या डोळ्याला जुळे दिसतात, पण एकाचे मास्टरिंग दुसऱ्यात चढवले तर भुजा स्वतःविषयी खोटे समजून घेते, आणि वेल्डिंगची गन नको तेथे, कदाचित फिक्स्चरमध्ये, जाऊन धडकते. त्यामुळे प्रत्येक फोल्डरच्या नावात रोबोचा एफ-क्रमांक, म्हणजे कंपनीने त्या एका यंत्राला दिलेली ओळख, आणि तारीख असावी. ‘लाइन दोन, डावा’ असली नावे लाइन हलली की निरर्थक होतात. रिस्टोअर झाल्यानंतर पहिली हालचाल टी-१ या अवस्थेत करावी, जिच्यात वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ शकत नाही, आणि प्रत्येक सांध्यावरील शून्याच्या खुणा समोरासमोर येतात का ते डोळ्यांनी पाहावे. भुजेतील सेलच मेले असतील तर जगातला कोणताही बॅकअप पल्सकोडरची गणना परत देऊ शकत नाही. तेथे खुणा जुळवून नव्याने मास्टरिंग करणे हाच उपाय, आणि क्विक मास्टरिंग ही त्यातली सोपी रीत तिचा संदर्भबिंदू आधी नोंदवून ठेवला असेल तरच हाताशी येते. तो संदर्भ आजच नोंदवावा. मास्टरिंगचे सहाही आकडे कागदावर लिहून कंट्रोलरच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावे, आणि मोटर किंवा गिअरबॉक्स बदलला की जुना कागद काढून नवा लावावा, कारण त्या दिवसापासून जुना आकडा दिशाभूल करू लागतो.

दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांची घडण निराळी असते. कुका कंपनीच्या केआर-सी-वन आणि केआर-सी-टू या मालिका संगणकासारख्या, हार्ड डिस्कवर चालतात, त्यामुळे तेथे आर्काइव्हची झिप फाइल घेतल्यावरही डिस्कची पूर्ण नक्कल वेगळी ठेवावी लागते. एबीबीच्या एस-फोर पिढीत फ्लॉपी हेच मुख्य माध्यम होते, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या फ्लॉपीवर भरवसा ठेवणे धाडसाचे ठरते. तपशील बदलला तरी मूळ कोठे आहे आणि कोणती कृती त्याला स्पर्श करते, हे दोन प्रश्न तेथेही आधी विचारावे.

एक गोष्ट वेळेविषयी लिहावयाची राहिली. कंट्रोलर चालू असताना या बॅटऱ्यांवर भार पडत नाही. तो पडतो वीज बंद असताना, आणि आपल्याकडे वर्षातली सर्वांत लांब बंदी दिवाळीच्या सुट्टीत येते. सुट्टीनंतर पहिल्या शिफ्टला एकदम तीन-चार रोबो इशारे देत उठतात ते याचमुळे. खंडेनवमीला यंत्रे पुसून, झेंडूचे हार घालून त्यांची पूजा होते, तेव्हा नाही तरी लाइन थोडा वेळ थांबलेली असते आणि दिवाळी सुमारे तीन आठवडे दूर असते. चिरंजीवाने आपल्या विभागातील प्रत्येक रोबोचा फाइलींचा बॅकअप, चढवण्याची चाचणी आणि सेल बदलणे ही कामे त्या दिवशी धरावी, म्हणजे एखादे कार्ड दगा देईल तर दुसरे आणायला, आणि एखादी खाच निकामी निघाली तर केबलची वाट शोधायला, पुरेसे दिवस हाती राहतील. कोणत्या एफ-क्रमांकाचा बॅकअप कोणी, कोणत्या कार्डावर घेतला आणि चाचणीत काय आढळले, याची बारनिशी एका जाड वहीत ठेवावी व ती वही संगणकाच्या शेजारी नव्हे, तर देखभाल विभागाच्या कपाटात ठेवावी.

पुढच्या पत्री अडलेल्या फाइलीचे नाव, पेंडंटवर दिसलेले इशारे आणि कार्डाचा प्रकार चिरंजीवाने सविस्तर लिहून कळवावा. तोपर्यंत तो कंट्रोलर चालूच ठेवावा.

कळावे, हे आशीर्वाद.